इथं असं कुणी राहत नाही

पगारमामांइतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. कुत्र्याला भ्यायचे, विजेच्या बटणाला भ्यायचे, आणि पोलिसाला तर इतके की चौकात ट्रॅफिकचा हवालदार दिसला तरी पायी चालणारे मामा रस्ता बदलायचे. आता पायी चालणाऱ्याचं लायसन कोण मागणार? पण बोलायची सोय नव्हती. "बाई, त्यांना विचारायला कारण लागत नाही," म्हणत ते गल्लीत शिरायचे. आणि अशा माणसाच्या हाती पंचवटीतल्या पस्तीस-चाळीस बेघर माणसांचं घर होतं. देवाला चेष्टेची हौस असते ती अशी.

संस्थेचं पाटीवरचं नाव लांबलचक होतं आणि ते कुणी घेत नसे. पूर्वी तिथे लाकडाची वखार होती, वर पत्रे, म्हणून सगळे 'पत्र्याचं घर' म्हणत. रामकुंडाच्या पायऱ्यांवर, मालेगाव स्टँडच्या आडोशाला, देवळांच्या ओवऱ्यांत पडलेली माणसं तिथे येत, काही महिने राहत, हाताशी काम धरत आणि स्वतःची खोली घेऊन बाहेर पडत. सगळीच पडत असं नाही. मी जवळच्या शाळेत मराठी शिकवायचे. सकाळची शाळा सुटली की दुपारी दोन तास तिथल्या बायकांना लिहायला शिकवा, असं कुणीतरी माझ्या गळ्यात मारलं होतं. महिन्याभरासाठी म्हणून गेले आणि अकरा वर्षं जात राहिले.

मामा मूळचे नामपूरचे. एसटीत कंडक्टर होते, मुदतीआधीच नोकरी सोडली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पण कुणी घाटाचं नाव काढलं की ते पाणी प्यायला उठत, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. संस्थेकडून दोन वेळचं जेवण आणि एक खोली, एवढंच घ्यायचे. "नाव पगार, आणि पगार नाही!" हा विनोद प्रत्येक नव्या ट्रस्टीने एकदा तरी केलाच पाहिजे असा बहुतेक घटनेत नियम होता. मामा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत.

कंडक्टरकी अंगातून गेली नव्हती. पंगतीत "पुढे सरका, पुढे सरका, जागा आहे" चालू असायचं. दिवेलागणीला दाराशी उभं राहून माणसं मोजायचे, मग रिकाम्या अंगणाकडे तोंड करून विचारायचे, "कुणी खाली राहिलं का?" अंगणात कोण असणार? तरी उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढे थांबायचे. मग तीन कड्या. वरची, मधली, खालची. खालची लागली की वरची पुन्हा हलवून बघायची.

मला पहिल्या दिवशीच चकित केलं ते त्यांच्या रजिस्टरनं. नाव, वय, गाव, आणि चौथा रकाना 'भीती'. मला वाटलं, काहीतरी भलतंच वाचलं. पण खाली ओळीने लिहिलेलं होतं: कुत्री. थोरला मुलगा. उंची. दवाखाना. एका म्हाताऱ्यापुढे तर 'दसरा' असं लिहिलेलं. एकदा सरकारी तपासणीला आलेले साहेब भडकले. "हे काय आहे? व्यसन लिहा, आजार लिहा. भीती कसली?"

मामा आधीच साहेबांना घाबरलेले, आवाज फुटेना. तरी म्हणाले, "साहेब, माणूस भाकरीवाचून रस्त्यावर येत असेल. पण तिथंच राहतो तो भीतीनं. ती कळल्याशिवाय मी याला कामाला कुठं पाठवू?"

साहेबांनी चष्मा पुसला, चहा घेतला आणि सही करून गेले.

बबन नावाचा रंगारी होता. परांचीवरून पडला, पाय सांधला गेला, पण शिडी बघितली की चळचळ कापायचा. रंगाऱ्याला शिडी नको, म्हणजे पोट नको. मामांनी भिंतीला शिडी लावली आणि रोज एक पायरी ठरवली. आज एक, उद्या दोन. खाली शिडी धरायला स्वतः मामा, आणि त्यांना तर दुसऱ्याला उंचावर बघूनही चक्कर यायची. म्हणून ते डोळे गच्च मिटून शिडी धरायचे. वर बबन रडतोय, खाली मामा देवाचं नाव घेतायत, आणि आम्ही सगळे बाजूला उभे. सोळाव्या दिवशी बबन वरून ओरडला, "मामा, डोळे उघडा, मी पत्र्याला हात लावला!" मामा म्हणाले, "तू खाली ये, मग उघडतो." त्या दिवाळीला पत्र्याच्या घराला रंग बबनने दिला. पुढे त्याने हाताखाली दोन माणसं ठेवली.

आणखी एक खोड होती, तिने लोक फार दुखावत. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मामा तोंडावर 'जातो' म्हणायचे. एकदा ट्रस्टींच्या घरी, बारशाच्या दिवशी, पाळण्यापुढे हात जोडून "बरं, जातो" म्हणाले आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. मी बाहेर आल्यावर रागावले. "मामा, अहो शुभकार्याला तरी!" ते म्हणाले, "सोनाबाईला विचारा." सोनाबाई आमच्याकडची म्हातारी. मुलाने रामकुंडावर आंघोळीला आणलं, पायरीवर बसवलं, "आलोच" म्हणाला आणि गेला. ती तिसऱ्या दिवसापर्यंत त्या पायरीवरून हलली नव्हती. "येतो म्हणणाऱ्यांनीच ही माणसं इथं आणून टाकलीत, बाई. आपण खरं बोलावं."

बायकांच्या बाबतीत त्यांचा एक रिवाज होता. नाव विचारताना ते माहेरचं नाव विचारायचे आणि घरात त्याच नावाने हाक मारायची, हा नियम. आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितो आणि मुलीचं जुनं नाव पुसलं जातं. मामा म्हणायचे, "सासर सोडलं ना? मग त्याचं नाव कशाला वागवतेस?" पन्नाशीच्या बायकांनाही कुणी 'सुमन' नाहीतर 'लता' म्हटलं की त्या आधी बावरायच्या, मग लाजायच्या. मी पाटीवर त्यांना पहिलं अक्षर तेच गिरवायला लावायचे.

मीरा अशीच आली. (हे नाव मी बदललं आहे. आणखीही एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत. कुणाला राग आला तर येऊ दे.) बावीस-तेवीस वर्षांची, सटाण्याच्या बाजूची. मानेवर उजवीकडे भाजल्याची ताजी खूण. नवऱ्याने रॉकेल ओतलं होतं. काडी दुसऱ्यांदा पेटवेपर्यंत ती उठून पळाली. नाव विचारल्यावर कितीतरी वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "मीरा. सासरी वैशाली ठेवलं." मामांनी चौथ्या रकान्यावर पेन टेकवलं.

"भीती कशाची, पोरी?"

"वैशाली म्हणून हाक आली तर," ती म्हणाली.

मामांनी तेच शब्द लिहून घेतले. मी शेजारीच बसले होते.

तिला बोलतं व्हायला दोन महिने लागले. मामा कधीमधी तिच्याशी अहिराणीत बोलायचे. पत्र्याच्या घरात ती बोली त्या दोघांचीच. तिच्याशी बोलताना मामांचा आवाज बदलायचा, मोकळा व्हायचा. नाशकात एवढी वर्षं काढूनही त्यांची शहरी मराठी परक्याचा सदरा घातल्यासारखी अवघडलेली असायची. पुढे ती दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला लागली. आधी बाकीच्या बायकांबरोबर जायची-यायची, मग तिथेच स्टँडसमोर पिठाच्या गिरणीवर एक खोली घेतली. स्वतःची चार भांडी घेतली आणि त्यांवर नाव घालून आणलं: मीरा. अक्षर मी शिकवलेलं, त्यामुळे मला कोण अभिमान! आठ महिने झाले होते. आमच्याकडून गेलेली बाई आठ महिने टिकली की मामा रजिस्टरात तिच्या नावाखाली रेघ ओढायचे. तिची रेघ त्याच आठवड्यात ओढली होती.

आता त्या दुपारचं सांगते. बाहेरून कुणीही कुणाची चौकशी करत आलं की पत्र्याच्या घराचं उत्तर एकच, स्वयंपाकीणबाईपासून ट्रस्टींपर्यंत सगळ्यांना पाठ: "इथं असं कुणी राहत नाही." मग आलेल्याचं नाव-गाव विचारून ठेवायचं आणि ज्याची चौकशी आली त्याला हळूच विचारायचं, भेटायचंय का? हा नियम मामांचाच. मी ओसरीवर वह्या तपासत होते. पस्तिशीचा एक माणूस आला. पांढरा स्वच्छ शर्ट, केसांना तेल, हातात कापडी पिशवी. "वैशाली नावाची बाई इथं आहे का? मी तिचा भाऊ."

"इथं असं कुणी राहत नाही," मामा म्हणाले.

तो बरं म्हणून वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. "दादा, तुम्ही बागलाणाकडले का? बोलण्यावरून वाटलं."

"नामपूर," मामा म्हणाले.

झालं! माणसाचा चेहरा उजळला, आणि त्याने जी अहिराणी सुरू केली! मोसम नदीचं पाणी, नामपूरचा बाजार, कुठल्या गल्लीत कुणाचं दुकान. मामांनी खुर्ची पुढे केली. चहा सांगितला. त्यांना एवढं हसताना मी क्वचित पाहिलं होतं. मग त्या माणसाने डोळ्यांना रुमाल लावला. "दादा, मनी माय लई आजारी शे. तिना जीव पोरमा अटकेल शे." आईचा जीव मुलीत अडकलाय. एकदा तोंड बघू द्या, मग पोर जिथे आहे तिथे सुखाने राहू दे.

आणि मामांनी सांगितलं. दिंडोरी, स्टँडसमोर, गिरणीवरची खोली. आज बागेला सुट्टी, घरीच असेल.

मी ऐकत होते. मला काही खटकलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, पोरीला माहेर मिळालं. मराठीची मास्तरीण म्हणे!

तो पाया पडून गेला. मामा कप उचलून आत ठेवून आले, गुणगुणत. आजची भेट लिहून ठेवावी म्हणून त्यांनी रजिस्टर काढलं, मीराचं पान उघडलं आणि ते उभेच राहिले.

"बाई, त्यानं नाव काय घेतलं हो?"

"वैशाली," मी म्हणाले. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडता मी हातातली वही मिटली.

"भाऊ वैशाली म्हणेल?" मामा म्हणाले. "भाऊ?"

तांदळात नाव लिहिणारा एकच असतो. भाऊ मरेपर्यंत मीराच म्हणेल.

मामांचं तोंड पांढरं पडलं होतं, पण डोकं कंडक्टरचं. "पावणेतीनची दिंडोरी. निमाणी स्टँडवरून. मिळाली असेल त्याला. पन्नास मिनिटं घेते, म्हसरूळला गर्दी असली तर पंचावन्न." घड्याळात तीनला पाच कमी होते. गिरणीत फोन नव्हता. बागमालकाच्या घरी फोन होता. मामांनी तीनदा लावला, तीनदा वाजून थांबला. रिक्षावाला दिंडोरी म्हटल्यावर मान हलवून मोकळा. बाहेर माझी कायनेटिक उभी होती. आणि मामा उभ्या जन्मात दुचाकीवर बसलेले नव्हते. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "दोन चाकांवर उभं राहतं ते पडतंच."

"मामा, बसा," मी म्हणाले.

ते बसले. एका अंगाला, बायका बसतात तसे. दोन्ही हातांनी माझा खांदा असा धरला की आठवडाभर वळ होते. नाशकातल्या दिंडोरी नाक्यापासूनच मागून एकच ऐकू येत होतं: सप्तशृंगी माते, सप्तशृंगी माते, आणि मधूनच "जोरात, बाई, जोरात." मी कधी चाळिसाच्या वर गाडी नेली नव्हती. त्या दिवशी काटा बघितलाच नाही. ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, औषधाच्या पिंपांनी भरलेले टेम्पो, सगळे कसे चुकवले देव जाणे. भीती वाटत होती का? इतकी, की रडूही येत नव्हतं. त्याच्या हातात पिशवी होती. त्या पिशवीत काय असेल, एवढाच विचार.

ढकांब्यापुढे लाल गाडी दिसली. मामा म्हणाले, "तीच." पण ती पुढेच राहिली. दिंडोरीच्या स्टँडात ती शिरली आणि तिच्या मागोमाग आम्ही. माणसं उतरत होती. पांढरा शर्ट उतरला, त्याने मान वर करून गिरणीकडे बघितलं. वरच्या खिडकीत मीरा, गव्हाची पाटी घेऊन निवडत बसलेली.

मामा गाडीवरून उतरले नाहीत, पडले. पडल्या जागेवरून उठून, भरल्या स्टँडात, घंटी तुटलेल्या गाडीत ओरडावं तसे ओरडले, "मीरा! दार लाव! तो बघ!" आणि हात लांब करून त्या माणसाकडे बोट दाखवलं.

तिने खाली पाहिलं. मला तिचा चेहरा दिसला. पाटी तिच्या हातातून सुटली आणि गहू रस्त्यावर सांडले.

आम्ही जिन्याशी पोचलो तेव्हा तो वर गेलेला होता. मामा माझ्या पुढे. कुत्र्याला भिणारा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत होता. वर दार सताड उघडं. स्टोव्हवर भाजी करपत होती. मीरा नव्हती. मागच्या गॅलरीतून गिरणीच्या परसात उतरायला लोखंडी जिना होता. तो माणूस तिच्या खाटेवर बसला होता, पिशवी मांडीवर. मामांकडे बघून हसला. "या दादा, बसा. चहा पाजाले घरमा कोणीच नै."

त्या पिशवीत काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मामा दारात उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. मी खाली जाऊन गिरणीवाल्याला आणि चार हमालांना बोलावून आणलं, तेव्हा कुठे तो उठला. जाताना मामांच्या खांद्यावर थोपटून गेला.

मग शेजारची बाई बाहेर आली. तिने मामांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का ते मामा? पळताना रडत होती ती. म्हणे, मामांनीच आणलं त्याला. बोट करून खोली दाखवली म्हणे."

मामा उंबऱ्यावर बसले. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरूनच ठेवलं.

आम्ही त्याच संध्याकाळी पोलिसांत गेलो. मामाच पुढे होऊन बोलले, न अडखळता. साहेबांनी लिहून घेतलं. मीरा मात्र सापडली नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी ट्रस्टींपुढे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि व्यवस्थापकपण सोडलं. ट्रस्टी जाऊ द्या म्हणत होते. मामा स्वयंपाकघरात गेले, तिथेच पोळ्या लाटायला बसू लागले. बाहेरच्या माणसाशी बोलावं लागेल असं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

आणि अहिराणी सोडली. पुढे एकदा सटाण्याची एक म्हातारी आमच्याकडे आली, मामांचं आडनाव कळल्यावर खुलली, अहिराणीत विचारू लागली. मामांनी पोळी उलटत पुस्तकातल्या मराठीत उत्तर दिलं, "मला ती भाषा येत नाही." मला इतका राग आला! म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. नंतर कळलं, ते म्हातारीला भीत नव्हते. आपल्या कानांना भीत होते. गोड ऐकलं की पुन्हा आपण काहीतरी सांगून बसू.

शोधायचं का तिला? मी कितीदा म्हणाले. ते म्हणत, "शोधायचं तर विचारावं लागेल, विचारायचं तर नाव घ्यावं लागेल. आणि माझ्या मागं तो नसेल कशावरून?" म्हणून काहीच न करता बसायचं, आणि ते सगळ्यांत कठीण. सकाळचा पेपर आला की मामा आतलं पान उघडत, अनोळखी बाईचं प्रेत, अमुक विहिरीत, तमुक कालव्यात, वर्णन, साडीचा रंग. मानेवर खूण आहे का बघत. नाही म्हटल्यावर पेपर घडी करून ठेवत. खरं सांगते, माझ्या घरी मीही तेच करायचे. वर्षानुवर्षं. लाज वाटण्याजोगी गोष्ट अशी की दुसऱ्या कुणाचं प्रेत आहे हे वाचून मला हायसं वाटायचं.

मधे नाशकात कुंभमेळा होऊन गेला, पत्र्याच्या घराला स्लॅब पडला, नवा व्यवस्थापक आला आणि त्याच्याबरोबर संगणक. चौथा रकाना गेला. मामा थकले. पोळ्या लाटता येईनात तेव्हा संस्थेने त्यांना तिथेच एक खाट दिली. ज्या घराची माणसं मोजली त्या घरात ते आता मोजले जाऊ लागले.

एका निवडणुकीत माझी ड्यूटी जिल्ह्यातल्या एका गावी लागली. कांद्याचा बाजार भरतो अशी गावं आपल्याकडे पुष्कळ. त्यातलं कुठलं ते मी लिहिणार नाही. मतदार यादी माझ्यापुढे, येईल त्याचं नाव मोठ्याने वाचायचं, म्हणजे पक्षांच्या माणसांना ऐकू जाईल. दुपारी एक चिठ्ठी पुढे आली. मी वाचलं, "मीरा," आणि पुढे बापाचं नाव. नवऱ्याचं नाही. मान वर केली. खूण मानेवर तशीच होती.

तिने मला ओळखलं आणि आधी दाराकडे बघितलं. माझ्या मागे कोण आहे ते. इतक्या वर्षांनी, भर दिवसा, पोलीस दाराशी उभा असताना. मी हळूच म्हणाले, "एकटीच आहे गं." तिने बोटाला शाई लावून घेतली, मत दिलं आणि गेली. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी मतपेटीच्या जागी आलेल्या त्या यंत्रांना सील लागल्यावर आमच्या जेवणाचा डबा घेऊन तीच आली. गावात तिची खानावळ होती. कांदा निवडणाऱ्या बायकांपासून बाजार समितीच्या माणसांपर्यंत सगळे तिच्याकडे जेवत. हाताखाली तीन बायका.

शाळेच्या मागच्या पायरीवर आम्ही बसलो. मी तिला सगळं सांगितलं: अहिराणी, आजारी आई, चौथा रकाना, पावणेतीनची गाडी. तिचा विश्वास बसत नव्हता, आणि का बसावा? तिने डोळ्यांनी बोट बघितलं होतं.

"तुम्ही आलात कशा पण त्याच्या मागोमाग?" तिने विचारलं.

"माझ्या कायनेटिकवर."

"आणि मामा?"

"मागे बसले होते."

"मामा?" ती म्हणाली. "गाडीवर?" आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिने पदर तोंडात कोंबला आणि ती हमसाहमशी रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मलाही रडू आवरलं नाही, आवरायचं तरी कशाला?

निघताना म्हणाली, "मामांना सांगा, माझं पोट चाललंय. भेटायला या म्हणावं. त्यांना गाव सांगा. त्यांनाच."

मी दुसऱ्याच दिवशी पत्र्याच्या घरी गेले. मामा खाटेवर बसलेले, अंगावर शाल, पाय खाली लोंबते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण माझा आवाज ओळखला. मी जवळ बसले आणि म्हणाले, "मामा, मीरा भेटली."

त्यांचा हात खाटेच्या कडेवर घट्ट झाला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ती बोली आली.

"जित्ती शे?"

"आहे. चांगली आहे."

"पोटाले भाकर शे?"

"चाळीस जणांना घालते. स्वतःची खानावळ आहे, मामा. हाताखाली बायका आहेत."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"मी सांगितलं तिला सगळं," मी म्हणाले. "तिला आता ठाऊक आहे तुम्ही कशासाठी बोट दाखवलंत ते. तुम्हाला बोलावलंय. तुम्हालाच सांगा म्हणाली, ती राहते ते गाव..."

"नको!" मामा इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकून उठला. त्यांनी दोन्ही तळवे कानांवर दाबले. "बाई, गाव नको. माले सांगू नका. आता म्हातारा झालो, झोपेत बडबडतो मी. कुणी येईल, गोड बोलेल. नको. माले ठाऊकच नको."

मी थोडा वेळ त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबले, मग उठले. दारापाशी जाऊन मागे वळून पाहिलं. मी बोलायची केव्हाच थांबले होते. मामांनी कानांवरचे हात काढले नव्हते.